मार्केसास बेटांवर पहिल्यांदा जाताना

जुलै २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीची बैठक नवी दिल्लीत भरली होती. आसामच्या अहोम राजांच्या मोइदामांचं, म्हणजे मातीच्या समाधी-टेकड्यांचं, नाव यादीत आलं ते याच बैठकीत, आणि आपल्या वर्तमानपत्रांत तेवढी बातमी झळकली. त्याच सभागृहात आणखी एक नाव पुकारलं गेलं: ‘ते हेनुआ एनाता’. माणसांची भूमी. जगाच्या नकाशावर याच बेटांना मार्केसास म्हणतात. १५९५ साली मेंदान्या हा स्पॅनिश दर्यावर्दी तिथे पोचला आणि त्याने पेरूच्या व्हाइसरॉयच्या मानासाठी हे नाव ठेवलं. तिथली माणसं आपल्या भूमीला काय म्हणतात, हे त्याने विचारलं नाही. आपण जाणार असू तर सुरुवात त्यांच्या नावापासून करावी.

हा बेटांचा पुंजका ताहितीच्या ईशान्येला सुमारे १,४०० किलोमीटरवर आहे. सर्वांत जवळचा खंड म्हणजे अमेरिका; मेक्सिकोचा किनारा तिथून ४,८०० किलोमीटरच्या आसपास. लहानमोठी बारा बेटं, वस्ती फक्त सहांवर, आणि सगळी मिळून माणसं नऊ हजारांच्या थोडी वर. नुकू हिवा, उआ पोऊ, उआ हुका ही उत्तरेकडची तीन. हिवा ओआ, ताहुआता, फातू हिवा ही दक्षिणेकडची.

ही नावं पाठ करायची सोपी युक्ती तिथल्या गोष्टीतच आहे. ओआतेआ देवाने बायकोला शब्द दिला की एका रात्रीत घर बांधून देतो. त्याने दोन खांब रोवले, ते उआ पोऊ. वर आढं टाकलं, ते हिवा ओआ. वासे बसवले, ते नुकू हिवा. झावळ्यांनी छप्पर शाकारलं, ते फातू हिवा. उरलंसुरलं गाडायला खड्डा खणला, ते उआ हुका. तेवढ्यात पूर्व उजळली, ते ताहुआता. उआ पोऊचे काळेकभिन्न सुळके समुद्रातून वर येताना दिसले की ‘खांब’ या शब्दावर पुन्हा शंका येत नाही.

आधी दिवस मोजा, मग बेटं

नवखा माणूस सहाच्या सहा बेटं करायची यादी घेऊन निघतो आणि निम्मे दिवस धक्क्यावर बसून काढतो. पहिल्या खेपेला दोन बेटं पुरे. दहा-बारा दिवस हातात असतील तर नुकू हिवावर पाच, हिवा ओआवर पाच, आणि हिवा ओआवरून जमलंच तर एक दिवस ताहुआता. विमानं फक्त चार बेटांवर उतरतात. ताहुआता आणि फातू हिवाला धावपट्टी नाही, तिथे होडीनेच जायचं. हिवा ओआच्या आतुओना गावाहून ताहुआता तासाभरावर आहे, पण फातू हिवाला तीन-चार तास लागतात आणि समुद्र खवळलेला असला तर पोटातलं सगळं वर येतं. होड्या रोज नसतात, वेळापत्रक हवामानावर असतं. म्हणून फातू हिवा हवंच असेल तर त्याच्या मागेपुढे दोन मोकळे दिवस ठेवा.

सहाही बेटं बघायचीच असतील तर आरानुई बोट आहे. ही निम्मी मालवाहू, निम्मी प्रवासी. ताहितीवरच्या पापीते शहरातून निघते, बारा दिवसांनी परत येते आणि वाटेत साही वस्तीच्या बेटांवर थांबते. सिमेंट, तांदूळ, मोटारी, बिअर उतरवायची आणि खोबऱ्याची पोती चढवायची, हे तिचं मूळ काम. आईवडिलांना घेऊन जाणार असाल तर मी हीच बोट सुचवीन: जेवणाखाण्याची आणि डॉक्टरची चिंता नाही, सामान उचलावं लागत नाही. पण प्रत्येक बेटावर जेमतेम दिवसभर मिळतो. आणि या बेटांचा दिवस संध्याकाळी उन्हं कलल्यावर सुरू होतो, नेमकी तेव्हाच बोट सुटते. तरुण असाल, चार शब्द फ्रेंच शिकायची तयारी असेल, तर विमानाने जा आणि कुणाच्या घरी राहा.

कागदपत्रं आणि वाट

इथे आपल्या पासपोर्टवाल्यांची सर्वांत जास्त फसगत होते, म्हणून नीट वाचा. मार्केसास आणि ताहिती ज्यात येतात तो फ्रेंच पॉलिनेशिया फ्रान्सच्या अमलाखाली असला तरी शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, येत नाही. साध्या शेंगेन व्हिसावर तिथे प्रवेश मिळेल असं धरून चालू नका. फ्रान्सच्या व्हिसा केंद्रात अर्ज करताना मुक्काम फ्रेंच पॉलिनेशियात आहे हे अर्जात स्पष्ट लिहा आणि व्हिसा हातात आला की त्यावर कुठल्या प्रदेशासाठी तो वैध आहे, ते तिथेच उभं राहून वाचा.

दुसरी मेख वाटेतल्या देशाची. पॅरिसहून जाणारी विमानंसुद्धा अमेरिकेत टेकतात, आणि अमेरिकेत विमान बदलण्यापुरतं थांबायलाही आपल्याला व्हिसा लागतो. ऑकलंडमार्गे जाणार असाल तर न्यूझीलंडचे ट्रान्झिटचे नियम बघावे लागतात. आधी वाट ठरवा, मग वाटेतल्या देशाचा व्हिसा, मग तिकीट. हा क्रम उलटा केला की पैसे बुडतात. ऑकलंड ते पापीते प्रवास पाचेक तासांचा आहे आणि मध्ये तारखेची रेषा ओलांडल्यामुळे तुम्ही निघालेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी पोचता. हॉटेलची तारीख टाकताना हे विसरू नका.

पापीतेहून नुकू हिवाला विमानाने तीन तासांच्या वर लागतात. मार्केसासचं घड्याळ ताहितीच्या अर्धा तास पुढे आहे, आणि त्या अर्ध्या तासामुळे आपल्याशी हिशेब अगदी सोपा होतो: बरोबर पंधरा तासांचा फरक. आपल्याकडे सोमवारी सकाळचे नऊ वाजलेले असतात तेव्हा तिथे रविवारी संध्याकाळचे सहा. घरी फोन करायला ही वेळ दोन्हीकडे बरी. २०१८ मध्ये समुद्राखालची केबल आल्यापासून मोठ्या गावांत इंटरनेट चांगलं चालतं. दऱ्यांत मात्र अजूनही रेंज नसते.

पैसे आणि बॅग

चलन पॅसिफिक फ्रँक. त्याचा भाव युरोशी बांधलेला आहे, एका युरोला ११९ फ्रँकच्या जरा वर, म्हणून इथून निघताना युरो घ्या आणि पापीतेत बदलून घ्या. नुकू हिवावर तायोहाएला आणि हिवा ओआवर आतुओनाला बँक आणि एटीएम आहे. ताहुआता किंवा फातू हिवाला निघण्याआधी रोख काढून ठेवा. जागा महाग आहे हे मान्य करूनच निघा, कारण जवळपास सगळंच बोटीने येतं. घासाघीस करू नका. तिथे ती अपमानासारखी लागते. टीप द्यायची रीतही नाही.

बॅगेत पकड असलेले जुने बूट हवेत, चिखलात जायची तयारी असलेले. पाण्यातून उतरायला बंद चपला. पातळ कापडाचे पूर्ण बाह्यांचे सदरे आणि लांब पँट, याचं कारण पुढे येतं. टॉर्च, नेहमीची औषधं चिठ्ठीसकट. घरचं लोणचं, बिया, ताजी फळं, मातीचे कण लागलेले बूट नेऊ नका. हे नियम नुसते कागदावरचे नाहीत. उआ हुकावर काळा उंदीर अजून पोचलेला नाही, आणि म्हणूनच पिहिती हा इवलासा निळा पोपट तिथे टिकून आहे. बाकी बहुतेक बेटांवरून तो गेला. बाहेरून आलेल्या एका जिवाने बेटाचं काय होतं, हे त्या लोकांना पुरतं ठाऊक आहे.

उतरल्यावर

नुकू हिवाचा विमानतळ बेटाच्या वायव्येच्या कोरड्या, तांबड्या माळावर आहे. तिथून तायोहाए गाव डोंगरापलीकडे, गाडीने तास-सव्वा तास. ज्या घरी राहणार त्यांना आधीच कळवून गाडी मागवा. बाहेर रिक्षा उभी नसते. रस्ता वर चढत तोओव्हीच्या पठारावर येतो, तिथे पाइनची झाडं आणि गार धुकं, आणि मग एका वळणावर खाली तायोहाएचा घोड्याच्या नालेसारखा उपसागर उघडतो.

निळंशार उथळ पाणी आणि पांढरी वाळू मनात धरून जाणाऱ्यांची इथे निराशा होते. या बेटांना प्रवाळाचं कडं जवळजवळ नाही, त्यामुळे शांत खाजणही नाही. महासागर थेट कातळावर आपटतो. होडीतून उतरताना लाट वर आली की खलाशी तुमचं कोपर धरून ‘आता’ म्हणतो, त्या क्षणी पाय टाकायचा. थांबायचं नाही, फोन हातात धरायचा नाही. पोहायचं तर कुठे पोहतात ते गावातल्या माणसाला विचारून, कारण खाड्यांत शार्क असतात आणि ओढही जबर असते.

आता ते पूर्ण बाह्यांचे सदरे. नोनो नावाचा टाचणीच्या टोकाएवढा किडा आहे, पांढरा वाळूत आणि काळा दऱ्याखोऱ्यांत. चावताना कळत नाही, दुसऱ्या दिवशी आग होते. खाजवलं की जखम पिकते, आणि दमट हवेत ती लवकर भरत नाही. तिथले लोक अंगाला मोनोई, म्हणजे फुलांनी सुवासिक केलेलं खोबरेल, चोपडतात. तेलाच्या थराने किडा जरा दूर राहतो. आपल्याला अंगाला खोबरेल लावायला कुणी शिकवायला नको. (नोनी ही वेगळी गोष्ट. ती म्हणजे आपली बारतोंडी, परसात पडलेली दिसेल.)

तायोहाएला हॉस्पिटल आहे, पण मोठं दुखणं आलं की विमानाने पापीतेला हलवावं लागतं. तेवढा खर्च उचलणारा प्रवास विमा काढल्याशिवाय घर सोडू नका.

कुणाच्या घरी, कुणाच्या ताटात

राहायला बहुतेक ठिकाणी घरगुती पान्सिओं असतात: दोन-चार खोल्या, मागे अंगण, सकाळ-रात्रीचं जेवण धरून दर. आल्याबरोबर ‘काओहा’ म्हणा. नमस्कार, प्रेम, काळजी, सगळं त्यात येतं. रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचं, ओळख असो-नसो. भाषा मार्केसन आणि फ्रेंच, इंग्रजी तुरळक.

मी कोकणातला. जाण्याआधी मला वाटलं होतं, जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललोय. पहिल्या सकाळी अंगणात उभा राहिलो तर समोर नीरफणस, कडेला अळू, पलीकडे सुरू, समुद्राकडे उंडी आणि भेंडीचं झाड. खोबरं वाळत घातलेल्या मांडवाचा तो तेलकट, खमंग वास. झाडं घरची, भाषा मात्र एकाही शब्दाने कळत नव्हती. त्या अवस्थेत मी त्या घरच्या आजींच्या स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन बसलो, आणि तेच बरं झालं.

नीरफणसाला तिथे मेई म्हणतात आणि सगळं जेवण त्याच्याभोवती फिरतं. आपण त्याचे काप करून रव्यात घोळवतो. आजींनी अख्खं फळ जाळावर टाकलं. साल कोळशासारखी काळी होऊन तडकेपर्यंत त्या फळ फिरवत राहिल्या, मग टरफल काढून, मधला दांडा उपटून, वाफाळता गर लाकडी परातीत टाकला. हातात दगडी बत्ता, खाली घंटेसारखा पसरट. प्रत्येक घावाआधी हात पाण्यात बुडवायचा, घाव घालायचा, गोळा उलटायचा. ठप्प, सळ्ळ, ठप्प. पाच-दहा मिनिटांत पिवळट, लवचिक, पुरणासारखा गुळगुळीत गोळा झाला. त्यावर ताज्या नारळाचा घट्ट रस ओतला की झालं काआकू. यातच आंबवलेल्या मेईचा गोळा, म्हणजे ‘मा’, मिसळून कुटलं की पोपोई. ती आंबट असते, पहिला घास जड जातो. तरी तीनदा खा. पूर्वी पानांनी मढवलेल्या खड्ड्यांत हा मा वर्षानुवर्षं पुरून ठेवत. या बेटांवर लांबलचक दुष्काळ पडतात आणि दुष्काळात गाव याच खड्ड्यांवर जगायचं.

बाकी ताटात लिंबू-नारळरसातला कच्चा मासा, नारळाच्या रसात शिजवलेला बकरा, आणि सणाला उमू, म्हणजे जमिनीतल्या भट्टीत तापल्या दगडांवर भाजलेलं डुक्कर. शाकाहारी माणसाने बुकिंग करतानाच कळवावं आणि गेल्यावर पुन्हा सांगावं: ‘झ न मांज पा द व्यांद, नी द प्वासों’, मी मांस आणि मासे खात नाही. उपाशी राहाल असं नाही. मेई, अळकुड्या, केळी, आंबे आणि आपल्या पपनसाच्या जातीचं मोठं रसाळ फळ भरपूर मिळतं. फक्त रोज तेच ते खायची तयारी ठेवा.

रविवारी दुकानं बंद. देवळात न जाणारा माणूसही त्या दिवशी चर्चमध्ये जातो तो गाणं ऐकायला. तायोहाएच्या कॅथीड्रलच्या भिंतींत सहाही बेटांचे दगड बसवले आहेत. गुडघे-खांदे झाकलेले कपडे घाला, मागच्या बाकावर बसा.

दगड बघताना

तीन शब्द शिकून जा. पाएपाए म्हणजे घराचं दगडी जोतं. तोहुआ म्हणजे गावाचं सार्वजनिक पटांगण. मेआए म्हणजे पवित्र जागा, आणि ती तापू, म्हणजे निषिद्ध, असते. मेआएच्या दगडावर चढायचं नाही, बसायचं नाही, खडा उचलून खिशात घालायचा नाही, टिकीच्या, म्हणजे दगडात कोरलेल्या मूर्तीच्या, खांद्यावर हात टाकून फोटो काढायचा नाही. देवळाच्या गाभाऱ्यात आपण जसे वागतो, तेवढं पुरे आहे.

नुकू हिवाच्या उत्तरेला हातीहेऊच्या वर रानात कामुइहेईची पटांगणं आहेत. वडाच्या जातीचं एक अवाढव्य झाड तिथे दगडांना मुळ्यांनी कवटाळून उभं आहे. तिथे वाटाड्या घेऊनच जा, आणि त्या गावचाच घ्या. कुठलं जोतं कुणाच्या पूर्वजांचं, हे त्यालाच ठाऊक असतं. हिवा ओआवर पुआमाऊला इपोनाची मेआए आहे, आतुओनाहून कच्च्या रस्त्याने दोन तास. तिथला ताकाई हा टिकी अडीच मीटरहून उंच आहे. घाई न करता त्याच्यासमोर अर्धा तास बसा. ऊन सरकतं तसा चेहरा बदलतो.

जोती इतकी आणि घरं इतकी थोडी का, हा प्रश्न दुसऱ्या दिवशी पडतोच. मेंदान्याच्या लोकांनी ताहुआताच्या वाइताहूत दोनशेच्या आसपास माणसं मारली, पण खरा घात पुढे झाला. देवी, क्षय असे बाहेरून आलेले रोग, बंदुका आणि दारू यांनी दऱ्याच्या दऱ्या ओसाड केल्या. १८४२ मध्ये फ्रान्सने बेटं ताब्यात घेतली. १९२०च्या दशकात सगळ्या बेटांवर मिळून २,०००च्या आसपास माणसं उरली होती. मिशनरी आणि सरकारने गोंदण, नाच, जुनी गाणी बंद केली. रानातल्या प्रत्येक रिकाम्या जोत्यावर कधीतरी चूल पेटत होती, हे मनात ठेवून चाला.

आणि तरीही ही माणसं आहेत. १९७८ मध्ये त्यांनी भाषा आणि कला जपायला मोतू हाका ही संस्था उभी केली. १९८७ पासून मातावाआ हा मोठा उत्सव भरतो, बहुधा डिसेंबरात. त्या काळात जायचं तर खोली वर्षभर आधी धरा. गोंदण, म्हणजे पातुतिकी, परत आलं, त्यात कार्ल फॉन डेन श्टाइनेन या जर्मन संशोधकाने १८९७-९८ मध्ये म्हाताऱ्या माणसांच्या अंगावरून उतरवून घेतलेल्या नक्षीचा मोठा हात आहे. तुम्हालाही गोंदवून घ्यायचं असेल तर मोबाइलवरचं चित्र दाखवू नका. चांगला गोंदणारा आधी तुमच्या घरच्यांबद्दल विचारतो, मग रेघ ओढतो. शेवटच्या दिवसांत करा, कारण ताज्या गोंदणाने समुद्रात उतरता येत नाही.

आतुओनाच्या दफनभूमीत चित्रकार गोगँ आणि बेल्जियन गायक झाक ब्रेल यांच्या कबरी आहेत. बहुतेक पर्यटक सरळ तिकडेच जातात. ब्रेलबद्दल गावात आपुलकीने बोलतात, कारण तो स्वतःचं छोटं विमान उडवून आजाऱ्यांना आणि टपालाला पोचवायचा. गोगँने कोवळ्या वयाच्या मुलींशी जे केलं ते लोक विसरलेले नाहीत. पाहायला जा, पण सगळी सकाळ तिथे घालवू नका.

चालायची आवड असेल तर फातू हिवावर ओमोआ ते हानाव्हावे ही सतराएक किलोमीटरची वाट धरा. पहाटे निघा, पाणी सोबत घ्या, होडी दुसऱ्या टोकाला बोलावून ठेवा. ओमोआत बायका झाडाची ओली साल लाकडी ठोक्याने बडवून तापा कापड करतात. विकत घ्यायचं तर त्यांच्याच हातून घ्या, आणि गुंडाळी करून आणा. घडी घातली की कायमची रेघ पडते.

परतीचं मार्केसास–पापीते विमान आणि पुढचं आंतरराष्ट्रीय विमान यांत पूर्ण दोन दिवस ठेवा. वाऱ्यापावसाने लहान विमान रखडलं तर त्या बेटांवर दुसरा उपाय नसतो, आणि घरमालकीण शांतपणे तुमच्यासाठी आणखी एक मेई जाळावर टाकते.